पाहुण्यांचं पाणी

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात शुद्ध पाणी माझ्या माहेराहून यायचं. यात अभिमान वाटण्यासारखं काहीही नव्हतं.

शेतात फवारलेली विषं बोअरच्या पाण्यात उतरतात का, आणि उतरली तर कॅन्सरवरच्या औषधाचा जोर कमी करतात का, हे मी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तपासते. त्यासाठी मुखेडकडच्या आमच्या गावातून, आमच्याच गल्लीतून नमुने मागवले. माझ्या वहिनीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. लातूरला तिची केमो नुकती संपली होती, आणि तिच्या पोटात रोज काय जातं हे मला कळायलाच हवं होतं. दादा दर महिन्याला भरलेल्या बाटल्या एसटीत ठेवायचा आणि दर महिन्याला निकाल तोच. विष सोडा, साधे क्षारही नाहीत. "तुमच्या गावात हिमालय आहे का हो?" आमचे सर म्हणाले. चार महिने पाण्यात गेल्यावर मी तणतणत गाव गाठलं.

वहिनी मोरीत बसून माझ्या बाटल्या राखेने घासत होती. नमुना टिकावा म्हणून मी तळाशी औषधाचे चार थेंब घालून पाठवते, ते केव्हाच वाहून गेले होते. "बुडाला कायतरी घाण ऱ्हायली होती," ती म्हणाली. मग माझ्या डोळ्यांदेखत तिने फिल्टरच्या पाण्याचा जार कलता केला आणि बाटल्या काठोकाठ भरल्या.

मी कपाळावर हात मारला. "वहिनी, मी बोअरचं पाणी मागितलं होतं."

"लोकाच्या हातात असलं मचूळ पानी कसं द्यावं, वन्स? तुमचे सायब पिऊन काय म्हनतील?"

"पिणार कोण आहे? मशीनमध्ये घालतात ते."

"मंग मशीन खराब झालं असतं. उगं कशाला तापून ऱ्हायल्या?"

शेजारणींनीही जारचंच भरलं होतं, हे तिने आपणहून सांगितलं. अख्ख्या गल्लीने मिळून माझ्या संशोधनाचा पाहुणचार केला होता. आता भांडावं तरी कुणाशी?

माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, 'घरात पिण्याचे पाणी कोणते?' दादाने लिहिलं होतं, जारचं. ते खोटं नव्हतं, तो जारचंच पितो. पण आता वहिनीने स्वतःसाठी माठातून तांब्या बुडवून घेतला, आणि माठात बोअरचं होतं. एवढी शिकलेली मी, घरात कोण कोणतं पाणी पितं हे विचारायचंच राहून गेलं होतं. मला माझाच राग आला आणि तो मी तिच्यावर काढला.

"तुम्ही का नाही पीत जारचं?"

"एकलीसाठी कुठं? पावन्यासाठी ऱ्हातो जार. अन् तुमचे दादा शेतातून थकून येतेत."

"केमो चालू होती तेव्हा तरी?"

"तवा तर जार पुरतच नव्हता," पदराखालचे बोटभर केस सारखे करत ती म्हणाली. "मला भेटाया लई लोक यायचे की."

तिने माझ्यापुढे जारच्या पाण्याचा ग्लास ठेवला. त्या भेटायला येणाऱ्यांत मी चार वेळा होते.