ताईची गाडी का सुरू होत नव्हती

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या घरी ओट्यापाशी दूध वर यायची वाट बघत उभा होतो. “मामा, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. मी “बरं” म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. मग दूध वर आलं, गॅस बंद केला, पातेल्यावर जाळी ठेवली, शर्ट बदलला आणि मुलुंडला जायला रिक्षा शोधत खाली उतरलो. पवईला रिक्षा गर्दीत अडकली. रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवत होता आणि मी शेजारच्या बसवरची साबणाची जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होतो… ताई गेली हे मला ऐकून माहीत होतं, पण ते आत कुठे पोचत नव्हतं. आज इतके आठवडे झाले, अजून पुरतं पोचलंय असं म्हणवत नाही.

निर्मलाताई माझी थोरली बहीण. सकाळी चहा घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, अर्धा कप प्यायली आणि मान एका बाजूला कलली. हृदय आधीच दमलेलं होतं. त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. त्रिसरण-पंचशील झालं, माणसं जयभीम करून एकेक पुढे होत होती, मी हात जोडत होतो. तिला खाली नेलं ते बिल्डिंगच्या खांबांमधल्या पार्किंगमधून. तिथे ताडपत्रीखाली तिची मोटारसायकल उभी होती. कुणीतरी हारांची रिकामी पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली होती. मी ती काढली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या सगळ्या दिवसातलं मला स्पष्ट आठवतं ते एवढंच.

ही गाडी मूळची आमच्या दाजींची. जुनी, जड, काळी, पेट्रोलच्या टाकीवर दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबर लावलेली. दाजींनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती आणि रविवार रविवार खपून चालती केली होती. प्रज्ञा शाळेत जायला लागली आणि दाजी काविळीने गेले. गाडी विकून टाक, असं सगळ्यांनीच ताईला सांगितलं. आमचे वडील, सासरची माणसं, शेजारी… ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसायची. घाटकोपरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायचं काम. एका सुट्टीला ती मला म्हणाली, “सुध्या, उद्या आरे कॉलनीत यायचं. दाजींचे मित्र गाडी तिथवर आणून देणारेत.”

“कशाला गं?”

“चालवायला. आणि कशाला?”

त्या काळी आरेच्या रस्त्यांवर सकाळी गवळी आणि म्हशी सोडल्या तर कुणी नसायचं. ताईने साडीचा पदर कमरेला खोचला, किक मारली, गाडी दोनदा उडी मारून बंद पडली. पुन्हा किक. दाजींचे मित्र झाडाखाली उभे राहून सूचना देत होते आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. दुपारपर्यंत ती सरळ रस्त्यावर चालवायला लागली. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, “मागे बस.” मी घाबरत बसलो. समोरून म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. “ताई, ब्रेक कुठला गं?” मी ओरडलो. “बघते ना, थांब,” ती म्हणाली. ब्रेक सापडला, पण गाडी आडवी झाली. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या गवतात पडलो आणि ती हसायला लागली. दाजी गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. मी कोपर चोळत तिच्याकडे बघत राहिलो होतो.

पुढे ती एक्स्चेंजला गाडीवरून जायला लागली, साडीऐवजी पंजाबी ड्रेस आला. बाईमाणूस असली धूड गाडी चालवते म्हणून लोक वळून बघायचे, काहीबाही बोलायचेही. ताई म्हणायची, “त्यांना बोलू दे, मला गाडीच्या आवाजात काही ऐकूच येत नाही.” प्रज्ञाला मागे बसवून शाळेत सोडायची. गाडीचं सगळं काम स्वतः शिकली. जुन्या गाडीचं असतं तसं रोज काहीतरी निघायचं, आणि ताई हातातलं भाजीचं ताट बाजूला ठेवून खाली उतरायची. तिची नखं कायम काळी असायची. प्रज्ञाच्या शाळेतल्या बाईंनी एकदा “तुझी आई कुठे कामाला आहे?” असं विचारलं, तर प्रज्ञा म्हणाली होती, “टेलिफोनमध्ये. पण घरी गॅरेज आहे.”

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ताईला धाप लागायला लागली. हृदयाची ताकद कमी झाल्याचं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, जिने कमी करायला सांगितले आणि गाडी पूर्ण बंद. ताईने डॉक्टरांसमोर मान डोलावली आणि दुसऱ्याच आठवड्यात भाजी आणायला गाडी काढली. येताना सिग्नलला तिला चक्कर आली. गाडी आणि ती, दोघी आडव्या. नशिबाने मागची मोटार वेळेत थांबली. ढोपर फुटलं, बाकी काही नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. प्रज्ञा आईच्या ढोपराला औषध लावत होती.

“आई, एक दिवस मला कुणीतरी अनोळखी माणूस फोन करेल. तुझ्याच मोबाइलवरून. तू रस्त्यावर पडलीयस म्हणून. मी ऑफिसात असेन. तेव्हा मी काय करायचं, ते तू आत्ताच सांगून ठेव.”

ताई म्हणाली, “मग घरात बसून काय करू? भिंती बघू?”

“हो. बघ भिंती. पण जिवंत राहा ना यार!”

प्रज्ञा आतल्या खोलीत निघून गेली. ताई बराच वेळ ढोपराच्या पट्टीकडे बघत बसली होती. मला म्हणाली, “पोरगी घाबरलीय रे.” मी म्हणालो, “मग तू सोड ना गाडी.”

आणि मग गाडीच सुरू होईना. ढोपर बरं झाल्यावर ताई खाली उतरली, किक मारून दमली आणि मला फोन केला, “रविवारी ये. वाट लागलीय गाडीची. मला किक मारवत नाही, तू मार.” मी विम्याच्या ऑफिसात जन्म काढलेला माणूस. मला पान्हा आणि पक्कड यांतला फरक तिनेच शिकवला. पण गेलो. ताई पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि मी तिच्या हुकमाने काम करायला लागलो. प्लग काढ, इंजिनला टेकवून धर, किक मार, ठिणगी दिसते का बघ. ठिणगी नव्हती. नवा प्लग आणला, तरी नाही. “वायर बघ,” ताई म्हणाली. वायर बदलली. “कॉइल गेली असेल.” कॉइल काढून मुलुंडच्याच एका मेकॅनिककडे नेली, त्याने तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग ताईचं म्हणणं पडलं की हातासरशी कार्बोरेटरही साफ करून टाकू. तोही केला. रविवारमागून रविवार गेले. इंजिनच्या उजव्या अंगाला एक गोल झाकण होतं, ते उघडायला मी एकदा स्क्रूड्रायव्हर लावला, तर ती म्हणाली, “तिथे नको. तिथलं मी बघितलंय.” ताईने बघितलं म्हणजे बघितलं. मी हात काढून घेतला.

तिची धाप वाढत गेली तशी ती खुर्चीत जास्त बसायला लागली. पण रविवारी खाली यायचीच. प्रज्ञा चहाचा थर्मास घेऊन उतरायची आणि जिन्याच्या पायरीवर बसायची. पूर्वी ती कधी गाडीच्या आसपास फिरकत नसे. आता किक मारून मी घामाघूम झालो की मायलेकी दोघी माझ्यावर हसायच्या. “मामा, पाय मोडेल हां,” असं प्रज्ञा म्हणायची. ताई दाजींच्या गोष्टी सांगायची. दाजींना पोहता येत नव्हतं आणि ते त्यांनी लग्नानंतर कितीतरी वर्षं लपवलं होतं, हे मला त्या पार्किंगमध्ये कळलं. प्रज्ञालाही तेव्हाच कळलं. अंधार पडायला लागला की ताई म्हणायची, “चल, आज नाही व्हायची. पुढच्या रविवारी बघू,” आणि प्रज्ञाच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू जिना चढायची. गाडी सुरू झाली नाही म्हणून ती कधी चिडली नाही. याचं मला नवल वाटायला हवं होतं…

शेवटच्या रविवारी तिने मला एकही काम सांगितलं नाही. “नुसता बस आज,” म्हणाली. आम्ही नुसते बसलो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी उठलो, रिक्षा केली आणि मुलुंडला गेलो. कशाला, ते मला सांगता आलं नसतं. पार्किंगमध्ये ताडपत्री काढली आणि उभा राहिलो. थोड्या वेळाने प्रज्ञा खाली आली. तिच्या हातात काही नव्हतं. पायरीवर बसली. तिचे डोळे कोरडे होते, माझेही.

“मामा, ते गोल झाकण उघड.”

“तिथलं ताईने बघितलं होतं.”

“उघड ना. मी घातलाय तिथे कागद.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “आई पडली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या लहानपणी ती त्या झाकणाखालचे पॉइंट साफ करायची, तेव्हा मी पॉलिश पेपर धरून बसायचे. मला माहीत होतं, पॉइंटच्या त्या दोन टिकल्यांच्या मधे काही अडकलं की ठिणगी पडत नाही. माझ्या वहीतल्या लिहिलेल्या पानाचा तुकडा फाडून घातला. तिचा जीव होता रे त्या गाडीत, आणि मी…” ती थांबली. “किती रविवार ती खाली बसून होती. मी रोज ठरवायचे सांगायचं म्हणून.”

मी झाकणाचे स्क्रू काढले. आत खरंच दोन बारीक टिकल्या होत्या, आणि त्यांच्यामधे काहीतरी होतं. चिमट्याने ओढून काढलं. तो वहीचा कागद नव्हता. काळपट, लवचीक, पातळ प्लास्टिकसारखा तुकडा होता, जागेवरून हलू नये म्हणून एका बाजूला कात्रीने खाच पाडलेला. मी तो उजेडाकडे धरला. त्यातून राखाडी पट्टा दिसत होता, बरगडीचा असावा.

“हे मी नाही घातलेलं,” प्रज्ञा म्हणाली. तिने तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला. मग एकदम म्हणाली, “एक्स-रे आहे हा. आईचा. डॉक्टरांनी विचारलं होतं, याचा कोपरा कुठे गेला म्हणून. आई म्हणाली, घरात उंदीर झालेत.”

इंजिनमधलं तेल लागून वहीचा कागद फार दिवस टिकला नसता. ताईने पहिल्याच दिवशी झाकण उघडलं असणार, कागद पाहिला असणार, अक्षर ओळखलं असणार. आणि तो टिकायचा नाही म्हणून पक्का तुकडा कापून बसवला असणार, मग मला फोन करून रविवारी बोलावलं असणार. ती खुर्चीत बसून मला वायरी बदलायला लावत होती, तेव्हा पायरीवर बसलेल्या पोरीकडे ती कशी बघायची, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवलं नाही. मी गाडीकडेच बघत होतो.

“मामा, मार किक,” प्रज्ञा म्हणाली.

पहिल्या किकला नुसता उसासा. दुसऱ्या-तिसऱ्याला फट् असा आवाज. मग गाडी सुरू झाली. सगळं पार्किंग धुराने आणि आवाजाने भरून गेलं. वरच्या मजल्यांवरून माणसं डोकावली, कुणी काही ओरडलं नाही. प्रज्ञा उठून आली आणि तिने टाकीवर तळवा ठेवला. तिचा हात कोपरापर्यंत थरथरत होता, इंजिनमुळे. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. मीही नाही. बंद कर, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. टाकीत तळाला थोडंसंच पेट्रोल उरलं होतं. ते संपेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. मग इंजिन अडखळलं, एकदा जोरात धडधडलं आणि थांबलं.

प्रज्ञाने तळवा तसाच ठेवला होता. “गरम आहे अजून,” ती म्हणाली.

मी हात लावून बघितला. गरम होती.