पिशवी पूर्ण भरायची नाही

मेंदूच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर मी उमेदीची बरीच वर्षं घालवली. त्यांचे फाटे कुठे फुटतात, कसे वळतात, यावर लेख लिहिले. लेख छापून आले, आणि त्यांचा संदर्भ सर्वांत जास्त वेळा दिला तो मीच, माझ्या पुढच्या लेखांत. बायको विचारायची, "हे वाचतं कोण?" मी म्हणायचो, "आमच्यातले लोक." आमच्यातले म्हणजे आम्ही चार-पाच जण.

दर शनिवारी मी मुंबईहून डहाणूला येतो आणि एका छोट्या इस्पितळात रुग्ण तपासतो. अशाच एका दुपारी जीपमधून एकाला आणलं. तलासरीकडच्या पाड्यावरचा माणूस, ताडी काढताना झाडावरून पडलेला. असे रुग्ण आमच्याकडे बहुतेक झोळीतून येतात. झोळीत मान वाकते, आणि पडताना वाचलेला मज्जारज्जू वाटेत चेपतो. हा मात्र दारावर आला होता. घराचं दार काढून त्यावर त्याला सरळ निजवलं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना भाताच्या पिशव्या, आणि कपाळावरून लुगड्याची पट्टी घेऊन दाराला बांधलेली.

"हे कोणी बांधलं?" मी विचारलं.

"मी," त्याची बायको म्हणाली. "मान दुखते म्हणाला. मग हलवायची कशाला?"

पाड्यावरचा कच्चा रस्ता, मग हायवे, चारोटीचं वळण, एवढं सगळं होऊनही त्याचे हातपाय चालत होते. एक्स-रेत मानेचा मणका मोडलेला स्पष्ट दिसत होता. त्याला मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. काही महिन्यांनी तो स्वतःच्या पायांनी मला भेटायला आला.

मी त्यावर पानभर टिपण लिहिलं आणि एका परदेशी नियतकालिकाला पाठवलं. तिथल्या परीक्षकाने गंभीरपणे विचारलं, "पिशव्यांतला भात शिजवलेला होता की कच्चा?" उत्तर लिहिताना मला हसू आवरेना.

टिपण छापून आलं आणि पत्रं यायला लागली. कुठल्या कुठल्या डोंगराळ मुलखांतले डॉक्टर लिहीत होते, आमच्याकडेही अँब्युलन्स पोचत नाही, आम्ही हे करून बघतोय. कोणी भाताऐवजी मका घेत होतं, कोणी वाळू. त्या पानभर मजकुराचे संदर्भ माझ्या सगळ्या रक्तवाहिन्यांना मागे टाकून गेले. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

छापलेलं पान घेऊन मी पाड्यावर गेलो. नवरा शेळ्या घेऊन गेला होता, बाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी फोटो दाखवला, मजकूर मराठीत सांगितला. तिने सूप खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"पिशवी पूर्ण भरायची नाही, हे लिहिलंस का?" तिच्या बोलीत अहो-जाहो नाही.

"नाही."

"मग ती डोक्याला बसेल कशी? गच्च भरली तर घरंगळते. अर्धीच भरायची, म्हणजे कानाशी चिकटून राहते."

ज्या गोष्टीमुळे तो माणूस वाचला, तीच माझ्याकडून लिहायची राहून गेली होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि लेखकांत तिचं नाव आधी घातलं, माझं नंतर. नियतकालिकाचा फॉर्म भरायला तिला फोन केला.

"शिक्षण?"

"तिसरी."

"कुठल्या संस्थेत काम करता?"

"घर लिही."

मी 'घर' लिहिलं. संपादकांनी एक शंकाही न काढता पत्र छापलं.

परवा मुंबईहून माझे तीन विद्यार्थी तिच्याकडे शिकायला आले होते. एकाला दारावर निजवून बाकीचे दोघे बांधाबांध करत होते. तिने पट्टीखाली बोट घालून पाहिलं, गाठ सोडली आणि म्हणाली, "ढिली आहे. परत बांधा." त्यांनी मुकाट्याने परत बांधली. मी ओट्यावर बसून तिच्या नवऱ्याने दिलेला चहा पीत होतो.