जिथे हात लावायचा नाही
मसाजचं रीतसर शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. ज्या शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काम केलं ती बंद पडली होती आणि मुलगी होस्टेलला गेली होती. मंडईजवळच्या एका इमारतीत वर्षभराचा कोर्स होता. बारावी पास एवढीच अट. मला वाटलं, तेल कसं लावायचं आणि जोर किती द्यायचा, एवढंच शिकवतील. पण पहिले काही महिने तेलाची बाटली उघडलीसुद्धा नाही. हाडं, स्नायू, रक्ताभिसरण, स्वच्छता, प्रथमोपचार. धायरीहून बसने जाताना मी मांडीवर वही ठेवून स्नायूंची नावं पुटपुटायचे, तेव्हा शेजारची बाई जरा सरकून बसायची.

सासूबाईंना हे पटत नव्हतं. "मी जन्मभर बाळंतिणींना चोळलं," त्या म्हणायच्या. "मला कुणी पेपर लिवाया बसवलं न्हाई."

आम्हाला शिकवणाऱ्या बाई निवृत्त फिजिओथेरपिस्ट होत्या. मोजकंच बोलायच्या. "अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. काय दुखतं, औषधं कोणती चालू आहेत, आणि हात लावू का."

सरावासाठी एक वयस्कर व्यक्ती हवी होती. सासूबाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. मग एका रविवारी दुपारी आपणहून कॉटवर येऊन बसल्या. वीस वर्षांत पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी स्पर्श केला नव्हता. दोघीही अवघडून गेलो.

"कुठे दुखतंय, आई?"

"कुटं न्हाई." मग पायाकडे बघत, "ही डावी पोटरी तेवढी. चार दिस झालं. बाम लावतीया."

त्यांनी लुगडं थोडं वर घेतलं. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती, कातडी ताणलेली. हात टेकवला तर गरम लागली. एकाच पायाला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, तिथे चोळायचं नाही, हे बाईंनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मी हात काढून घेतला.

"इथे मालिश नको, आई. आपण दवाखान्यात जाऊ."

त्यांनी लुगडं खाली ओढलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

नवरा म्हणाला, "अगं, जरा चोळून दे ना, बरं वाटेल तिला." मी म्हटलं, "नाही. रिक्षा बोलाव." त्या घरात इतक्या ठामपणे मी क्वचितच बोलले असेन.

सोनोग्राफीत गुठळीच निघाली. "चोळलं नाही ना?" डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं. सासूबाईंना ठेवून घेतलं, इंजेक्शनं सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मी त्यांची वेणी घालत होते. माझ्याकडे पाठ असतानाच त्या म्हणाल्या, "तू हात काढलास तवा मला वाटलं, तुला किळस आली."

माझे हात थांबले. "नाही हो, आई. मी घाबरले होते."

"मग तसं सांगायचं."

खरंच होतं. कुठे दुखतंय ते मी विचारलं, पण हात का काढला ते सांगितलंच नाही. "चुकलं माझं," मी म्हटलं.

त्या वळल्या आणि उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यो चोळला तर चालतोय का, इचार डाक्टरास्नी."

डॉक्टरांना विचारलं. हलक्या हाताने चालेल म्हणाले. मग खोबरेल तेलाचे चार थेंब घेऊन मी त्यांचा तळवा चोळला, एकेक बोट हळूहळू मोकळं केलं. विळ्याचे जुने वण, जाड झालेली पेरं. एवढ्या वर्षांत मी तो हात नीट पाहिलाच नव्हता.

"जरा जोर लाव की."

"नाही लावायचा. या औषधांनी रक्त पातळ होतं, काळंनिळं पडेल."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. हात माझ्याच हातात होता.

मी परीक्षा पास झाले. आता एका क्लिनिकमध्ये काम करते. सासूबाईंचा पाय बरा आहे. शेजारणी दुखरे गुडघे घेऊन आमच्याकडे येतात, तेव्हा सासूबाईच त्यांना दारात विचारतात, "सूज हाय का? दोनी पायाला का एकाच?"