एका घागरीचा सिनेमा

कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासात जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली आणि मंडल ऑफिसातली, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीतली, ती दुपार आठवली. बाजारहत्नूरकडच्या आमच्या वस्तीची हापशी आटत आली होती. त्यावर आम्ही कॉलेजच्या चार मुलींनी सिनेमा काढला होता, आईची एक घागर भरेपर्यंतचा. ऑफिसातल्या टीव्हीवर तो बघताना तिथले साहेब दहाव्या मिनिटालाच कंटाळले. म्हणाले, "आगे भगाओ इसको." मागं वस्तीतल्या बायांमध्ये बसलेली आई शांतपणे म्हणाली, "आमाले तिथं पुढं पळवता येत नाई, साहेब." साहेबांनी खुर्ची पुढं ओढली आणि शेवटपर्यंत पाहिलं. घागर काठोकाठ भरली तशा बायांनी टाळ्या पिटल्या. आठच दिवसांत वस्तीत बोअर मारायची गाडी आली. आता मी मुलांना सिनेमा शिकवते. लांबलेलं दृश्य कापू का, असं कुणी विचारलं की मी विचारते, घागर भरली का?