देवाचा पैसा कोळशात नको

आमच्या गावात पांढरं कापड उघड्यावर कुणी वाळत घालत नाही. गाव लोंढ्याच्या रेल्वेलाइनीला लागून आहे. बंदरातून वर जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या आमच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावरून जातात आणि जाताना बारीक काळी पूड मागे ठेवतात. आई तांदळाचे पापड माजघरात चादरीवर, पंख्याखाली वाळवते. मला वाटायचं, पापड असेच वाळवतात. कॉलेजला बेळगावात गेले तेव्हा मैत्रिणीच्या गच्चीवर कडक उन्हात पसरलेले पापड पाहिले आणि तिथं उभ्या उभ्या असा संताप आला की मैत्रीण विचारत राहिली, काय झालं गं, काय झालं.

तो संताप पुढे कामाला लागला. बेळगावात कोळशाच्या विरोधात काम करणारा आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. त्याची पत्रकं मी लिहिते. मला लिहायला शिकवलं गटातल्या एका थोरल्या बाईंनी. त्यांचा नियम एकच : एका ओळीत एक मागणी, माणसाला बस पकडता पकडता वाचता यावी अशी. पाल्हाळ दिसला की लाल पेनानं खोडायच्या.

सीमाभागात मराठी पत्रक वाटणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. निपाणीच्या स्टँडवर पहिल्यांदा वाटायला गेले तेव्हा एका म्हाताऱ्यानं पत्रक न वाचताच कपाळाला लावलं आणि घडी करून खिशात घातलं.

"आमी काय जित्तेपणी म्हाराष्ट्रात जात न्हाय," म्हणाला, "पर तुमी पोरींनी सोडू नगासा."

"आजोबा, हे सीमेचं न्हाय. कोळशाचं हाय."

"व्हय व्हय, कोळसाबी आपलाच," असं म्हणत तो बसमध्ये चढला.

मग हवालदार आला. सीमेचं आहे का, त्यानं कन्नडमध्ये विचारलं. नाही, कोळशाचं, मी कन्नडमध्येच सांगितलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मग वाटा की," तो मराठीत म्हणाला आणि चहाच्या गाड्याकडे गेला. पत्रक हिसकावून घेतलं असतं तर निदान कुणाला तरी आमची भीती आहे एवढं तरी समाधान मिळालं असतं.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तर देवळाच्या सभामंडपाला नवी फरशी पडत होती. पैसे कुठले म्हणून आईला विचारलं.

"कुठलं म्हंजे? देवाचंच. डिव्हिडंड आला न्हवं."

आईच्या तोंडून तो शब्द ऐकून मी तिला खोदून खोदून विचारलं. मग सगळं कळलं. रुळाची दुसरी लाइन आली तेव्हा देवाच्या जमिनीचा एक पट्टा त्यात गेला आणि भरपाई मिळाली. ती बँकेत ठेवायची की शेअरमध्ये, यावर गावकी बसली. माझा थोरला भाऊ, अण्णा, बेळगावात शेअर दलालाच्या ऑफिसात नोकरीला आहे. त्यानं कोळसा कंपनी सुचवली. गावकीचं एकमत होईना तेव्हा आमच्याकडची रीत असते तेच केलं : देवाला कौल लावला. दगडाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची, गुरव गाऱ्हाणं घालणार, उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. उजवं पडलं. देवानं कोळसा घेतला. देवाला डिमॅट खातं निघत नाही, म्हणून शेअर अण्णाच्या खात्यात ठेवले.

म्हणजे कोळशाच्या गाड्यांसाठी देवाची जमीन गेली आणि जमिनीच्या पैशातून देव कोळशाचा भागीदार झाला. हे मला, पत्रकवालीला, दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी अण्णा आला. जेवताना मी तोंड सोडलं.

"अख्खं जग कोळसा सोडायला निघालंय, आणि तू देवाला त्यात घातलास?"

"जग सोडतंय म्हणूनच तर स्वस्तात मिळाला. स्वस्त हाय म्हणून डिव्हिडंड दणदणीत हाय. ह्यात तुझा राग कुठं बसतोय सांग."

"खाणी बंद पडल्यावर काय करशील? कागद चाटशील?"

"पडतील तवा बघू. तुझी पत्रकं छापायचं मशिन कशावर चालतंय गं? उदबत्तीवर?"

आई म्हणाली, "गप जेवा. आमटी गार व्हायलीया."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो रागावत नाही, हीच त्याची खोड आहे. मी सरळ देवळात गेले. गुरव म्हणजे आप्पा, फुलांची टोपली घेऊन पायरीवर बसले होते. म्हटलं, आप्पा, हे पैसे काढा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देवानं दिल्याली वाट देवानंच बदलाय पायजे बाय. कौल लावूया."

आता मी कौल मानत नाही. गटात आम्ही असल्या गोष्टींवर हसतो. पण आमच्या अंगणातली पूड ज्या धंद्याची, त्यातून आमच्या देवाचा पैसा बाहेर यावा, एवढं एक तरी माझ्या हातून घडावं असं मला फार वाटत होतं. ठिकठिकाणी वाटलेल्या पत्रकांनी कोळशाचा खडासुद्धा हलला नव्हता. मी होय म्हटलं. तर पुढची अडचण : बाईनं कौल मागायचा नसतो. घरातल्या पुरुषानं मागायचा. आमच्या घरात पुरुष एकच, वडील गेल्यापासून.

मला वाटलं, अण्णा हसेल. तो म्हणाला, "मागतो की. काय मागायचं त्ये लिहून दे. मागनं माझ्या नावानं बोंब नको."

मी लिहून दिलं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे, एक ओळ, एक मागणी : देवाचा पैसा कोळशात नको. लिहिल्यावर मला ती ओळ फार आवडली, हे कबूल करते.

सोमवारी सकाळी गावकी जमली. बायका बाहेर मंडपात, नव्या फरशीवर. अण्णानं माझा कागद जसाच्या तसा वाचला, एक शब्द इकडचा तिकडं नाही. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं. फुलं बराच वेळ हलेनात. तेवढ्यात मालगाडी आली, लांबलचक, देऊळ नेहमीसारखं थरथरलं, आणि उजवं फूल पडलं.

मी रडले. शेजारच्या बायकांना वाटलं देवभक्तीनं. कोळशाच्या गाडीनं कोळशाविरुद्ध कौल दिला, हे मी बेळगावात सगळ्यांना सांगत सुटले. गटानं लगेच पत्रक काढायचं ठरवलं. मथळा मीच दिला : एका गावानं देवाचा पैसा कोळशातून काढला. भरपूर प्रती छापल्या.

पंधरा दिवसांनी गावी गेले. पैसे बँकेत जमा झाले होते, आप्पांनी पासबुक दाखवलं. घरी आले तर पडवीला काचेच्या खिडक्या बसवायचं काम चाललेलं. आई खुशीत होती, पापड आता पडवीत उन्हाला घालता येतील म्हणाली. अण्णा माप घेणाऱ्या माणसाशी बोलत होता. त्याचा फोन चटईवर होता, शेअरचं पान उघडं. कोळसा कंपनी होती तिथंच होती. शेअरही तेवढेच.

"विकले न्हाईत?"

"कुणाला विकू? मीच ठेवून घेतले. त्या दिवसाचा भाव धरून गावकीला पैसे दिले, रुपयाबी कमी न्हाय. खात्यातनं हालवायची गरजच न्हवती."

"अण्णा, कौल काय झालता?"

"देवाचा पैसा कोळशात नको. तुझ्याच हातचा कागद हाय, ठेवलाय मी." तो खोडसाळपणे बोलत नव्हता. खरंच समजावत होता. "देवाचा निघाला. माझ्या पैशाबद्दल तू काय लिहिलं न्हवतंस. आन बाजारात काढले असते तर दुसऱ्या कुणीतरी घेतलेच असते का न्हाय? खाण बंद पडली असती व्हय?"

मी त्याचा फोन चटईवर पालथा घातला. त्याच्या पुढच्या डिव्हिडंडवर खिडक्यांचे पैसे फिटणार होते आणि आई बसवून झालेल्या एका काचेवरून हात फिरवून बघत होती, पूड आत येते का.

गटाला मी काही सांगितलं नाही. पत्रकात एकही शब्द खोटा नव्हता, बाईंनी तर पहिल्यांदाच काही खोडलं नव्हतं. परवा त्याच प्रती घेऊन निपाणीच्या स्टँडवर उभी राहिले. लोकांनी घेतल्या, न वाचता घड्या घातल्या. एक बाई म्हणाली, लढा चालू ठेवा. चालू आहे, मी म्हटलं, आणि पुढच्या बसकडे गेले.