खिडकीखालचा ओला कोपरा

बोरिवलीच्या त्या सोसायटीत सुलक्षणा परबला सगळे ओळखत, पण तिच्याकडे बघत कुणी नसे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. मग आई बाथरूममध्ये पडली ती अंथरुणालाच खिळली. धाकट्या भावाचं, नितेशचं, नुकतंच लग्न झालेलं. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. सुलक्षणाला कुणी थांब म्हटलं नाही आणि थांबशील का असंही विचारलं नाही. तिने नोकरी सोडली, एवढंच.

त्यानंतर सतरा-अठरा वर्षं तिचं जग म्हणजे औषधाचं दुकान, भाजीवाली आणि आईची खाट. खाली जरा वेळ लागला की जिन्यातच आईची मालवणी हाक ऐकू यायची, "खंय गेल्लंस गो?" मागच्या होळीनंतर आई गेली. तेराव्याचं सगळं उरकून पाहुणे पांगले, तेव्हा रिकाम्या खोलीत उभं राहिल्यावर सुलक्षणाला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर खांदे हलके झाल्यासारखं. त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने आईचीच चादर काढून धुवायला घेतली.

नितेश शेजारच्या विंगमध्ये राहायचा. जुन्या मिनीबसच्या सांगाड्यावर त्याने साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात कॅरव्हॅन बांधून घेतली. आत झोपायच्या चार जागा, शेगडी, छोटं बेसिन, खिडक्यांना पडदे. गाडी आवारात आली त्या दिवशी तो म्हणाला, "ताई, पहिल्या ट्रिपला तू पाहिजेसच. भाऊबीज झाली की निघायचं, गुहागरला."

सुलक्षणा "बघू" म्हणाली आणि घरी जाऊन तिने माळ्यावरची बॅग काढली.

निघायच्या आधीच्या शनिवारी नितेशने गाडी तपासायला घेतली. आधी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मग गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. एका कपाटाचं दार गाडी हलली की उघडत होतं, त्याला कडी लावली. शेवटी छत राहिलं. तो शिडीवर चढला, बोअरवेलच्या नळाला पाईप जोडला आणि म्हणाला, "ताई, तू आत बस. कुठे थेंब दिसला तर हाक मार."

त्याची बायको मानसी बाजूलाच उभी होती. ती सहज म्हणाली, "काही निघालं तर गाडी परत साकीनाक्याला जाणार बघा. मग ही सुट्टी गेलीच. आणि डिसेंबरात माझ्या आईबाबांना कबूल केलंय."

सुलक्षणा आत जाऊन बसली. छतावर पाण्याचा मारा सुरू झाला. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात आधी एक काळसर डाग उमटला. मग रबरी पट्टीखालून थेंब निघाला, प्लायवूडवरून हळूच खाली घसरला, मागोमाग दुसरा आला. तिने हाक मारायला तोंड उघडलंही होतं. पण हाक मारली तर काय होईल, ते तिला दिसत होतं. गाडी परत जाईल. डिसेंबरात मानसीचे आईबाबा जातील. पुढे उन्हाळा, नितेशच्या मुलीचे, अपूर्वाचे, क्लास, आणि मग कुणीतरी म्हणेल, ताईचं काय, ती घरीच असते.

तिने ओढणीच्या टोकाने थेंब पुसले.

"ताई, आत काय?" वरून नितेशने विचारलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

पाईप बंद झाला. नितेश खाली उतरून खूश होऊन हात पुसत होता. "झकास काम केलंय रे त्यांनी," असं तो वॉचमनलाही सांगून आला. सुलक्षणाने त्या कोपऱ्यात एक टॉवेल घडी करून ठेवला आणि वर पडदा ओढला.

घरी येऊन ती बेसनाचे लाडू वळायला बसली. पाऊस संपलाय, ती मनाशी म्हणाली. कोण एवढं पाणी ओतणार आहे गाडीवर? परत आल्यावर सांगू, इथे जरा ओल दिसते म्हणून. सगळी कारणं बरोबर होती, तरी लाडू काही नीट वळले जाईनात. दर वेळी तिला नितेशचा तो खूश झालेला चेहरा दिसत होता. आपल्यावर त्याने एकच काम सोपवलं होतं. तेही बसल्या जागेवरचं.

रविवारी दुपारी अकरावीतली अपूर्वा उशी आणि रंगीत दिव्यांची माळ घेऊन गाडीत आली. "आत्या, ही मागच्या खिडकीची जागा माझी हं. फोन इथे चार्जिंगला लावणार आणि रात्रभर गाणी ऐकणार."

खिडकीच्या खालीच प्लगचा बोर्ड होता. सुलक्षणाने तो आदल्या दिवशीही पाहिला असेल, पण बघायचं म्हणून बघितला नव्हता. तिने टॉवेल उचलला. आतली लाकडी फळी फुगली होती आणि ओल बोर्डाच्या कडेपर्यंत पोचली होती.

"तिथे मी झोपते," ती म्हणाली. "तू पुढे झोप."

"तू पण ना आत्या. बरं, झोप तू. चार्जर तरी इथे लावते." अपूर्वाने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस."

आवाज एवढा मोठा निघाला की अपूर्वाच्या हातातली उशी खाली पडली. सुलक्षणाने तिचं मनगट धरून तिला गाडीबाहेर आणलं आणि तशीच नितेशच्या घरी गेली. नितेश आणि मानसी चहा घेत होते.

"खिडकीतून पाणी येतंय, प्लगच्या बोर्डापर्यंत ओल गेलीय," तिने दारातूनच सांगितलं.

नितेश उठला. "आत्ता? पाऊस कुठे आहे?"

"काल येत होतं. मी पुसलं."

"अगं, मग हाक का नाही मारलीस?"

"मला जायचं होतं," सुलक्षणा म्हणाली.

मग मानसीने अपूर्वाकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "तू कुठे झोपणार होतीस?" अपूर्वाने सांगितल्यावर तिने हातातला कप खाली ठेवला. "ताई, माझ्या मुलीच्या उशाशी," एवढंच म्हणून ती आत गेली. नितेश स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेला. दारात सुलक्षणा एकटीच राहिली. आपण आत जावं की बाहेर, तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी, ज्या वेळेला गुहागरचा रस्ता धरायचा होता, त्या वेळेला गाडी साकीनाक्याच्या वाहतुकीत अडकली होती. सुलक्षणा हट्टाने बरोबर गेली होती. वर्कशॉपच्या रतनने ती फळी खोलली. आत वायरचा जोड होता, वर नुसतीच चिकटपट्टी, तीही भिजून सुटलेली.

"शेठ, नवी गाडी पहिल्या धुण्यात रडतेच," रतन म्हणाला. "पकडलंत ते बरं झालं. नाहीतर वाट लागली असती."

"ताईने पकडलं," नितेश म्हणाला.

तो टोमणा नव्हता. तिला सांभाळून घ्यायलाच तो तसं म्हणाला, आणि सगळ्यात जास्त तेच तिला लागलं.

"मी पकडलं नाही," ती रतनला म्हणाली. "मी लपवलं होतं."

रतनने चहा सांगितला.

सुट्टी गेली. गाडी दुरुस्त होऊन आली आणि डिसेंबरात मानसीचे आईबाबा फिरून आले. त्या काळात मानसी सुलक्षणाकडे यायची ती दारापर्यंतच. डबा द्यायची, डबा न्यायची, वागण्यात कमी काही करायची नाही. सुलक्षणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. आपण तिच्या जागी असतो तर डबाही दिला नसता, असंच तिला वाटे.

जानेवारीत एका संध्याकाळी मानसी चप्पल काढून आत आली आणि खुर्चीवर बसली.

"ताई, खरं सांगा. कुठे जायचं होतं तुम्हाला एवढं? गुहागरला काय आहे?"

"ठिकाण असं काही नव्हतं गं," सुलक्षणा म्हणाली. "नुसतं निघायचं होतं."

मानसी म्हणाली, "माझा राग गेलाय असं नाही. पण आम्ही पुढच्या महिन्यात जव्हारला जातोय. चला तुम्ही."

"नको. तुम्ही जाऊन या."

"मी विचारत नाहीये, सांगतेय."

सुलक्षणा गेली. जव्हारला राजवाड्याच्या पुढे टेकडीवर वारा सुटला होता आणि खाली सबंध दरी उघडी पडली होती. तिला फार बरं वाटलं. बरं वाटतंय हे लक्षात आलं की दर वेळी ती चोरून मानसीकडे बघायची. मानसीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती अपूर्वाचे फोटो काढत होती आणि वाऱ्याने उडणारे केस एका हाताने मागे धरत होती.