देवाची उजवी

धाकटा भाऊ पुण्याला काम बघतो म्हणून बजाजनगरच्या आमच्या खोलीतून गेला, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग फोनच बंद. पोलिसांत तक्रार दिली, पुण्याला हेलपाटे घातले, हाती काही लागलं नाही. मी नुसता धुमसत होतो. आई मात्र निवांत. "देवानं शब्द दिलाय," एवढंच म्हणायची आणि भाकरी थापायला बसायची. खरं सांगतो, तिचा तो निवांतपणा मला टोचायचा.

शब्द कसा दिला ते मी स्वतः पाहिलं होतं. भावाचा पत्ता लागेना तेव्हा आई मला घेऊन कन्नडजवळच्या आमच्या गावी गेली. तिथला बिरोबा हा मेंढरं राखणाऱ्या आमच्या वाडवडिलांचा देव. त्याला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाची ओली पाकळी चिकटवायची, मनातल्या मनात प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आई डोळे मिटून बसली. मी मागं उभा राहून या पायावरून त्या पायावर होत होतो. शेवटी एक पाकळी पडली, माझ्या उजव्या हाताची. देवाधर्मात मी कधी फारसा नव्हतो, तरी हात आपसूक जोडले गेले. आईनं डोळे उघडले, पाकळी कपाळाला लावली आणि "चल" म्हणाली.

त्या पाकळीवर मी वर्ष काढलं. भावाचा नंबर रद्द होऊ नये म्हणून रिचार्ज मारत राहिलो. औरंगपुऱ्यात एकदा पाठमोरा एक जण अगदी तसाच दिसला. गाडी तशीच रस्त्यात सोडून त्याच्यामागं पळालो. त्यानं वळून पाहिलं, "क्या हुआ भाई?" म्हणाला. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

परवा पुन्हा देवाला गेलो. आमच्या पुढं एक बाई कौल लावून हरखली होती, तर पुजारी म्हणाला, "आवं बाई, उजवी देवाची बगायची, तुमची नव्हं. त्यो आपल्याकडं तोंड करून बसलाय."

समोरासमोर बसलेल्याचं उजवं ते आपलं डावं, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे आमची पाकळी डावी होती. देव नाही म्हणाला होता.

परतताना जीपमध्ये आई शेजारी डुलक्या घेत होती आणि मी आतल्या आत जळत होतो. तिला हे माहीत नसेल? जन्म गेला तिचा कौल लावण्यात. की माहीत असून मला झुलवत ठेवलं? सांगावं तर तिचा आधार जायचा, गप्प बसावं तर माझा जीव थाऱ्यावर राहीना. दोन दिवस घरात प्रत्येकावर खेकसत होतो. आणि मग तिनं शेजारणीला तेच ऐकवलं, "देवानं शब्द दिलाय." शेजारीण जाईपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"कसला शब्द, माय? पाकळी डावी पडली व्हती! देव नाय म्हणला!"

"व्हय, डावीच पडली," ती म्हणाली. परातीतला हात थांबला नाही.

"मग?"

"तू काय समजला, मी काय इचारलं म्हून?"

"त्यो यील का, असंच ना?"

तेव्हा कुठं तिचा हात थांबला. "नाय रं लेकरा. त्यो गेला का, असं इचारलं व्हतं. मेला का, असं."

तिनं हाताचं पीठ झटकलं.

"देव नाय म्हणला," ती म्हणाली. "लई झालं मला तेवढं."

"मग यील का, ते का नाय इचारलं?"

"ते देवाला कशाला इचारायचं? ते त्याचं त्यानं ठरवायचं हाय."

मी तिच्यासमोर खालीच बसलो. वर्षभर मी रस्तोरस्ती त्याला शोधत होतो, पण जो प्रश्न मनात आणायची माझी छाती झाली नव्हती, तो या बाईनं देवासमोर एकटीनं विचारला होता आणि पाकळी पडेपर्यंत डोळे मिटून बसली होती.